भांडी परत गेली तेव्हा

मुदतीचा ताप उतरला आणि मास्तर भिंतीला टेकून बसायला लागले, त्या दिवशी मी कितीतरी आठवड्यांनी माझ्या स्वयंपाकघराकडे नीट बघितलं. बघते तर ते माझं राहिलंच नव्हतं. फळीवर माझी दोन पितळी पातेली अंग चोरून उभी होती आणि त्यांच्या आजूबाजूला सगळी दुसऱ्यांची भांडी. कल्हई केलेली तांब्याची देगची, झाकणाचे कटोरे, निळ्या फुलांची चिनी मातीची बशी. खाली दुधाची चरवी, ताकाचं लोटकं, अंजिरांची टोपली आणि लोणच्याची एक बरणी, जिच्यातलं लोणचं कधी संपलं तेही मला आठवत नव्हतं. अंगणात एक शेळी होती. तीही आमची नव्हती.

मास्तर म्हणजे माझे यजमान. औरंगाबादेत मिशनच्या शाळेत ते शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायला लागले. आम्ही ख्रिस्ती. मी नगरकडची, गोदावरी ओलांडून लग्न होऊन निजामाच्या राज्यात आलेली. निघताना आईनं बजावलं होतं, की तिकडे कचेरीत उर्दू, बाजारात उर्दू, तुझी जीभ जरा आवरून वापर. उर्दू मी शिकले. जीभ आवरायचं मात्र राहून गेलं.

मास्तरांचे जिवाचे दोस्त दोन. एक आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, मागावर हिमरूच्या शाली विणणारे. त्यांना मी भाई म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला भाभी. दुसरे पाटील, त्यांची शेती दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. तिघे लहानपणी शहरातल्या उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले. एकाच मौलवीसाहेबांच्या छडीनं तिघांचे हात सुजलेले. मास्तर म्हणायचे, एका ताटात जेवलेले वेगळे होतील, एका छडीचा मार खाल्लेले होत नाहीत.

त्या तापात हे खरं असल्याचं मी डोळ्यांनी बघितलं. मुदतीचा ताप घरात आला की माणसं उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करतात. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोकही रस्त्यावर उभे राहून प्रार्थना करून जात, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्याही घरी लेकरं होती. भाईंनी मात्र माग बंद केला आणि ते मास्तरांच्या उशाशी येऊन बसले. माग बंद म्हणजे चूल अर्धी बंद, हे मला ठाऊक होतं. भाभींकडून मुगाचं पाणी, पेज, माझ्यासाठी जेवण, असं काही ना काही येतच राहिलं. पाटील चिखलातून बैलगाडी हाकत यायचे. डॉक्टर म्हणाले की पचायला हलकं दूध द्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी ही दुभती शेळी आणून अंगणात बांधली आणि म्हणाले, "वहिनी, हिला शिव्या द्या, पण उपाशी ठेवू नका. लई मानी हाय."

पाटील आमच्या घरचं पाणी पीत नसत. त्यांच्या घरची तशी रीत होती. आधी मला त्याचा राग यायचा, आणि मी तो लपवतही नसे. पण जो माणूस तुमच्या घरचं पाणी पीत नाही आणि तुमच्या नवऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढतो, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी तो विषयच सोडून दिला.

तर अशी ही भांडी साठली होती. आता आमच्याकडची रीत सांगते. कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. कटोऱ्यातून कालवण आलं, तर कटोरा परत जाताना त्यात निदान मूठभर साखर हवी. मग तिकडून तो पुन्हा काहीतरी घेऊन येतो. असं एकेक भांडं दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालत राहतं आणि शेवटी कुठलं कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. घरोबा म्हणतात तो हाच. माझ्या दोन पातेल्यांपैकी एक मुळात भाभींचं होतं, असा माझा आजही संशय आहे.

मास्तरांना बरं वाटायला लागलं तशी त्यांना वाचायची भूक लागली. दिवसभर मांडीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल. एके दिवशी मी तांदूळ निवडत होते तर आतून ओरडले, "इकडे ये, इकडे ये!" मला वाटलं ताप उलटला. धावत गेले तर स्वारी डोळे पुसत बसलेली.

"ऐक," म्हणाले. "दावीद राजा पोटच्या पोराच्या भीतीनं राजधानी सोडून पळालाय. नदीपलीकडे रानात, सगळे थकलेले, भुकेलेले. आणि तिथं तिघेजण येतात. काय काय आणतात माहीत आहे? अंथरुणं, भांडी, मातीची मडकी. गहू, जव, हुरडा, मसूर, मध, लोणी, मेंढरं. मडकी, बरं का! शास्त्रात मडकी आहेत!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्यातला एक तर परक्या लोकांतला. दुसऱ्या देवाला मानणारा."

एवढं बोलून त्यांनी दारातून माझ्या फळीकडे बघितलं. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, पदराला नाक पुसून मी परत तांदळाकडे गेले.

पण त्यानंतर जे झालं ते निराळंच. उपकाराची जाणीव ठेवणं ही फार चांगली गोष्ट, पण आमच्या घरी ती तापासारखी चढली. भाई आले की मास्तर उठून उभे राहायला लागले. लहानपणापासून ज्याला "अबे" म्हणून हाक मारली, त्याला "आप" म्हणायला लागले. "आप तशरीफ रखिए." भाई दचकून इकडेतिकडे बघायचे, की मागून कोणी साहेब आला की काय. एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "बहेन, डाक्टरनं नेमकं औषध काय दिलं याला?" पाटील आले की त्यांना बसायला घरातली एकुलती एक खुर्ची. पाटील आयुष्यात खुर्चीवर बसले नव्हते. ते तिच्याकडे संशयानं बघत ओसरीच्या कडेलाच टेकायचे, आणि मास्तरही मग खुर्ची सोडून उभेच. दोघे तसेच अवघडून राहायचे. शेळीला मात्र मजा यायची, ती खुर्चीचा वेत खायची.

नाताळाच्या आधी आमचे पाळकबाबा येऊन गेले. मास्तरांनी त्यांना विचारलं, की या दोस्तांचे उपकार कसे फेडावेत? पाळकबाबा म्हणाले, "उपकारस्तुती देवाची करावी. माणसं नुसती साधनं. भाकरी मिळाली म्हणून आपण तव्याचे आभार मानतो का?"

मी आतून म्हणाले, "तवा एक दिवस नसला म्हणजे कळतं, बाबा."

पाळकबाबा हसले, कारण त्यांना माझी जीभ ठाऊक होती. पण मास्तरांचं समाधान झालं नाही. राजानं त्या तिघांसाठी नक्की काहीतरी केलं असणार, आणि आपणही केलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी मी छावणीत बायकांच्या प्रार्थनेला गेले होते. परत आले तर दारात टांगा उभा आणि मास्तर पायउतार होताहेत. अंगात नाताळाचा कोट, चेहऱ्यावर असं तेज की आता डोक्यामागे प्रभावळ तेवढी राहिली. मी आत गेले. फळीवर माझी दोन पातेली. बाकी सगळं साफ. अंगणात खुंटा होता, शेळी नव्हती.

"भांडी कुठं आहेत?"

"दिली. ज्याची त्याला परत केली." मास्तर कोट काढत म्हणाले. शहागंजातून साखर, खजूर, बत्तासे आणून त्यांनी एकेक भांडं शिगोशीग भरलं होतं. आधी भाईंच्या दारात गेले. सगळी भांडी ओळीनं मांडली आणि दारातच उभं राहून शाळेत शिकलेल्या अस्सल उर्दूत शुक्रिया अदा केला. मग बाजाराच्या मैदानात पाटलांची गाडी गाठली. तिथं चार लोकांसमोर आभाराचं भाषण केलं. चरवी, लोटकं, बरणी, टोपली, सगळं गाडीत चढवलं. शेळीही बांधली. शेळी रिकामी कशी परत करायची, म्हणून तिच्या गळ्यात नवी घंटा.

"सगळी भांडी? एकदम?" मी विचारलं.

"एकदम. एकही मागे ठेवलं नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"काहीच बोलले नाहीत. दोघेही. गहिवरले असणार."

आमच्या गल्लीत कुणाची सगळी भांडी एकदम परत जातात, ती फक्त एकाच प्रसंगी. घरं तुटतात तेव्हा. आमच्या समोरच्या दोन जावांचं असंच झालं होतं. सकाळी धुसफूस, दुपारी एकमेकींच्या वाट्या, पळ्या, उलथनी भिंतीवरून पलीकडे, आणि त्यानंतर त्या एकमेकींच्या मयतालाही जाणार नाहीत अशी बोलणी. मास्तरांना हे कुठून कळणार? पुरुषांना भांड्यातलं तेवढं दिसतं, भांडं कुठून आलं आणि कुठं निघालं हे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी भाई आले नाहीत. मागाचा खटखट आवाज गल्लीतून येत होता, म्हणजे घरीच होते. तिसऱ्या दिवशी आमच्या रस्त्यावरून पाटलांची गाडी आली. इतक्या महिन्यांच्या सवयीनं बैल आपोआप आमच्या दारात थांबले. मी लगबगीनं बाहेर आले. पाटलांनी माझ्याकडे बघितलं नाही. बैलांच्या पाठीवर हात मारला, "हां, चला, इथं काय नाय आपलं," म्हणाले, आणि गाडी पुढे गेली. मास्तर खिडकीत उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा तापातही इतका उतरला नव्हता.

मी डोक्यावर पदर घेतला आणि तडक भाभींकडे गेले. त्या ओट्यावर रेशमाच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कायकू आई मास्टरनी? और कुछ वापस करनेका रह गया क्या?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "भाभी, मी घरी नव्हते. असते तर त्यांना कोंडून ठेवलं असतं."

तेव्हा कुठं त्यांनी कांडी खाली ठेवली. मग मात्र बांध फुटला. "तुमचे मियाँ दरवाजेमें खडे रहे. अंदर बी नै आये. सब बर्तन लाईनसे रखे और बोले, शुक्रिया. बचपनका यार, और शुक्रिया? शुक्रिया तो टांगेवालेकू बोलते. हमारे ये रातकू खाना नै खाये. बोले, मास्टरनं आपल्याला परकं केलं. आमी काय चूक केली, सांगा ना?"

मला हसू आणि रडू एकदम यायला लागलं. मी त्यांना शास्त्रातल्या राजाची गोष्ट सांगितली, ती मडकी, तो मध. भाभी तोंडाला ओढणी लावून हसल्या. "म्हणजे ये बादशाह बनरे थे?" पण लगेच त्यांचा चेहरा बदलला. "हमारा छोडो. हमारे ये दो दिन रुसेंगे, फिर आयेंगे. पण उस पाटीलका क्या करना?"

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे पाटलांच्या घराबाहेर भाई-भाभींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांचा ताप सगळ्यात वाईट होता तेव्हा पाटलांनी आमच्याच अंगणात शेळीच्या खुंट्याजवळ उभं राहून नवस बोलला होता. म्हणाले होते, मास्तर उठला, तर यंदाच्या हुरड्याचं पहिलं कणीस त्याच्या हातावर. तोवर माझ्या घरात कुणी दाणा तोंडात घालायचा नाही. त्यांची पोरं रोज शेतात जायची, कणसांकडे बघायची आणि हात मागे बांधून परत यायची. मास्तर गाडीत बसण्याएवढे सशक्त कधी होतात, याची पाटील वाट बघत होते. त्या दिवशी बाजारात आले होते ते बोलावणं करायलाच. आणि तिथं त्यांना काय मिळालं? घंटा बांधलेली शेळी.

"अब वो बुलाता नै," भाभी म्हणाल्या. "अकड है. आणि हुरडा कितने दिन रहता? दाना पक गया तो फिर उसकी रोटीच बनती."

हे मला कुणी सांगायला नको होतं. जोंधळ्याचा दाणा कोवळा असतो तो थोडे दिवस. नखानं दाबला की दूध येतं, तोवर हुरडा. त्यानंतर ते नुसतं धान्य. पाटलांच्या शेतात दाणा टणक झाला असता, तर पोरांचं वर्ष गेलं असतं आणि नवस तसाच राहिला असता. पाटलांसारखा माणूस देवाला दिलेला शब्द राहिला म्हणून आयुष्यभर झुरला असता, आणि आमच्या दारात त्यांची गाडी पुन्हा थांबली नसती.

घरी आले आणि मास्तरांना सगळं ऐकवलं. माझ्या पद्धतीनं ऐकवलं, त्यातलं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मास्तर म्हणाले, "मी चांगलंच करायला गेलो होतो गं."

"ते दिसलं सगळ्या बाजाराला. मला एक सांगा, त्या राजाची गोष्ट तुम्ही पुढं वाचलीत का?"

वाचली नव्हती. मडक्यांपाशीच थांबले होते. मी शास्त्र त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं आणि पानं उलटत गेले. पुढं काही पानांवर राजा विजयी होऊन घरी निघतो, आणि त्या तिघांतला एक म्हातारा त्याला नदीपर्यंत पोचवायला येतो. राजा म्हणतो, चल माझ्याबरोबर राजधानीत, माझ्याजवळ राहा, मी तुला सांभाळीन. आणि म्हातारा नको म्हणतो! म्हणतो, बाबा रे, माझं वय झालं, मला खाल्ल्याची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, तुझ्यावर कशाला भार? मला माझ्या गावी जाऊ दे. हवं तर हा माझा माणूस तुझ्याबरोबर घेऊन जा. राजाला राग येत नाही. तो म्हणतो, बरं, तुला जे आवडेल ते मी करीन. आणि म्हाताऱ्याचा मुका घेतो.

"राजानं विचारलं," मी म्हणाले. "म्हाताऱ्याला काय आवडेल ते केलं. तुम्हाला काय द्यावंसं वाटलं ते तुम्ही दिलंत. त्यांना काय हवं हे विचारलंत का?"

मास्तरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आता विचारायला तोंड कुठं आहे?"

"तोंड नसेल तर हात पसरा. भाईंकडे जा आणि काहीतरी मागा. काहीही."

आणि माझे मास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाकडे खडूचा तुकडा मागितला नव्हता, ते उठले आणि गेले. मी मागोमाग गेले, कारण अशी गंमत चुकवणारी मी नव्हे. या वेळी ते दारात थांबले नाहीत. सरळ आत जाऊन भाईंच्या मागाजवळ जमिनीवर बसले. भाई विणतच राहिले.

मास्तर म्हणाले, "अबे, चहाला दूध आहे का तुझ्याकडे? आमची शेळी गेली."

माग थांबला. भाईंनी वळून बघितलं, आणि मग त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तसा मी आमच्या समोरच्या दोन जावांच्या भांडणातही ऐकला नव्हता. गधा म्हणाले, अहमक म्हणाले, मौलवीसाहेबांनी तुला कमी मारलं म्हणाले. "अबे, शुक्रिया बोलता मेरेकू! दरवाजेमें खडा रहके!" मास्तर खाली मान घालून सगळं ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. महिनाभरानंतर त्यांना कोणीतरी "अबे" म्हणत होतं. भाभी चहा घेऊन आल्या, त्याच निळ्या फुलांच्या बशीतून, आणि आम्ही निघताना मला देगचीभर दूध दिलं. देगची आमच्याकडे परत आली. मी ती फळीवर ठेवली आणि मला इतका आनंद झाला, की एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले.

पाटलांकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं ठरलं. बोलावणं नव्हतं. भाई म्हणाले, "हुरड्याकू बुलाना नै लगता, भूक लगती."

एक बैलगाडी सांगितली. भाई, बुरख्यातल्या भाभी, त्यांची मुलं, मी, आणि मध्ये भाईंनीच विणलेल्या शालीत गुंडाळलेले मास्तर. छावणी मागे पडली, पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. किल्ला दिसायला लागला तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं मी डोळे फाडून बघायला लागले. जिथं तिथं कणसं पांढरी, टणक, पिकलेली. भाभींनी माझा हात धरला, त्याही तेच बघत होत्या.

पाटील शेतात मचाणावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकत होते. त्यांनी गाडी बघितली. बघून न बघितल्यासारखं केलं. गोफणीत एक दगड घातला आणि जिथं एकही पाखरू नव्हतं तिकडे भिरकावला. त्यांची पोरं मात्र खोपीबाहेर आली आणि बापाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघायला लागली.

मास्तर गाडीतून उतरले आणि खालूनच ओरडले, "पाटील, भूक लागली रे!"

"गावात खानावळ हाय," वरून उत्तर आलं.

"तिथं हुरडा मिळत नाय."

"इथं बी नाय. दाना झाला."

"मग मी इथंच बसतो. पुढल्या साली होईल." आणि मास्तर खरंच मचाणाच्या खाली ढेकळात बसले, शाल आवळून, मूल हट्टाला बसतं तसे.

पाटलांनी हातातला दगड खाली टाकला. मग गोफण खांद्यावर टाकून खाली उतरले. मास्तरांकडे न बघता जोंधळ्याच्या एका ताटाजवळ गेले, कणीस वाकवलं, दाणा नखानं दाबला. दूध आलं नाही. दुसरं बघितलं. नाही. मग पाटलांना एकदम काहीतरी आठवलं. ते शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे, धावत सुटले. पन्नाशीकडे आलेला माणूस, धोतर आवरत धावतोय आणि पोरं त्यांच्या मागे! तिथं ओलीमुळे थोडी पेर उशिरा झाली होती. त्यांनी एक कणीस मोडलं, दाबलं, आणि तिथूनच ओरडले, "वहिनी! दूध हाय! दूध हाय अजून!"

त्यानंतर कुणाला बोलायला वेळच नव्हता. पाटलीणबाई गोवऱ्या घेऊन आल्या. जमिनीत खळगा करून आगटी पेटली. भाभींनी बुरखा वर केला आणि लसणाची चटणी कुटायला बसल्या. हिरवी कणसं निखाऱ्यात गेली आणि तो वास सुटला, जो वर्षातून थोडेच दिवस असतो. आगटीला वर आणि खाली अशा बाजू नसतात. तिच्याभोवती सगळे गोल बसतात, जिथं जागा मिळेल तिथं. मी कुणाच्या शेजारी बसले आणि कोण माझ्या, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी सगळं बघत असते.

पहिलं कणीस पाटलांनी स्वतः काढलं. तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. गरम हिरवे दाणे मास्तरांच्या ओंजळीत ओतले. पोरं हात मागे बांधून बघत होती.

आता आमच्या घरची रीत अशी, की देवाचे उपकार मानल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मास्तर ओंजळ तशीच धरून उभे राहिले. भाई कळवळून म्हणाले, "भाषण नक्को करू, तुझ्या पाया पडतो."

"मी तुमच्याशी बोलतच नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

"हे बापा," ते म्हणाले, "एका माणसानं माझ्यासाठी माग बंद केला. तू बघितलंस. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला उपाशी झोपू दिलं नाही. एका माणसानं मला पाठीवर घेतलं. चिखलातून आला, रोज आला. माझ्यासाठी यानं स्वतःच्या लेकरांचा घास थांबवला. हे दोस्त तू मला दिलेस. मी मागितलेसुद्धा नव्हते. यांच्याबद्दल मी तुझे उपकार मानतो. मी जगलो याच्याबद्दल नंतर मानीन, आधी यांच्याबद्दल." मग त्यांनी त्या सगळ्यांची नावं घेतली, एकेकाचं, लहान पोरांचीसुद्धा. आणि कोण काय बोललं, कुणी काय आणलं, ते सगळं देवाला सांगितलं. शेळीचंही सांगितलं.

कुणाला अडवता येईना. ते त्यांच्याशी बोलत नव्हते ना! शास्त्रातल्या पौलाच्या पत्रांत मी कितीदा वाचलं होतं, की तो मित्रांना लिहितो, तुमच्याबद्दल मी माझ्या देवाचे उपकार मानतो. मला वाटायचं, ही नुसती पत्र लिहायची पद्धत. त्या आगटीशेजारी मला कळलं, की ज्यांचे आभार मानले तर ते परके होतील, अशा माणसांना दुसरं काय लिहिणार?

"आमेन," मास्तर म्हणाले.

"आमीन," भाई म्हणाले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

पाटील निखाऱ्याकडे बघत होते. एक कणीस आत सरकवत म्हणाले, "देवाला सांगितलंस ते बरं केलंस. मला सांगितलं असतंस तर हाणला असता."

मास्तरांनी ओंजळ तोंडाला लावली. पाटील त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले, तो घास चावून, गिळून होईपर्यंत. मग ते पोरांकडे वळले.

"खा रे आता," ते म्हणाले. "मास्तर उठला."